बटण, बटण, बटण

वसईच्या क्लासमध्ये वेब डेव्हलपमेंट शिकत होते तेव्हा एखाद्या शनिवारी बाहेरून पाहुणे व्याख्याते यायचे. खरं सांगायचं तर आम्ही सगळे नोकरीच्या आशेने जाऊन बसायचो. पॅकेज किती मिळतं, कोणतं फ्रेमवर्क शिकलं की लवकर काम लागतं, एवढेच आमचे प्रश्न.

पहिले पाहुणे अंधेरीच्या एका कंपनीतले. त्यांनी फळ्यावर आठ फ्रेमवर्कची नावं लिहिली, मी आठही उतरवून घेतली. जाताना ते म्हणाले, "ही नावं बदलत राहतील. एचटीएमएल मात्र नीट शिका." हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. एचटीएमएल तर पहिल्याच महिन्यात संपलं होतं!

तेव्हा मी अब्बांच्या दुकानाची साइट बनवली होती. अब्बा नालासोपाऱ्यात टेलर आहेत. पांढऱ्या पानावर फिकट राखाडी अक्षरं, सुंदर फोटो. अब्बांनी मोबाइल हातात घेतला, जरा लांब धरला आणि म्हणाले, "छान झालंय बेटा." मी खूश.

दुसरे पाहुणे जन्मांध होते. पांढरी काठी घेऊन एकटेच विरार लोकलने आले. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं, पुढे जेम्स टेह सोबत आले. दोघंही दृष्टिहीन, आणि सॉफ्टवेअर आजही मोफत.

सरांनी त्यांना वर्गातली सगळ्यात देखणी साइट उघडून दिली. माझी. लॅपटॉप बोलू लागला, "बटण. बटण. बटण." मग फोटोंच्या फाइलींची नावं. मराठी मजकूर तर तो इंग्रजी समजून वाचत होता, कारण पानाची भाषा मराठी आहे हे मी कोडमध्ये सांगितलंच नव्हतं. पाहुण्यांनी शांतपणे विचारलं, "दुकान कसलं आहे, बेटा?"

वर्ग हसला. मी मान खाली घातली.

त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. बटणाला नाव द्या, फोटोचं वर्णन लिहा, भाषा सांगा. सगळं साध्या एचटीएमएलमधलं. "माझ्यासाठी वेगळी साइट नको, हीच नीट करा," म्हणाले. "आणि मला अजिबात दिसत नाही, पण ज्यांना कमी दिसतं ते माझ्याहून कितीतरी जास्त आहेत. ते सांगत नाहीत, एवढंच." अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५ ला १ हवा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. मी मोजला, माझा २.३ निघाला.

परतताना त्यांचं एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. ते सांगत नाहीत. सुईत दोरा ओवायला अब्बा हल्ली मला हाक मारायचे. मला वाटायचं, लाड करतात.

दोन दिवस बसून साइट दुरुस्त केली. अक्षरं काळी आणि मोठी केली, बटणांना नावं दिली. अब्बांना पुन्हा मोबाइल दिला. या वेळी ते मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच थांबले. "शुक्रवारी एक ते तीन दुकान उघडं? अगं, जुम्म्याला मी मशिदीत असतो!"

ती चूक तीन महिने तिथेच होती. बंद शटर पाहून किती गिऱ्हाईकं परत गेली असतील, कोण जाणे.

"आधी का नाही सांगितलं, अब्बा?"

ते जरा वेळ गप्प राहिले. "दिसत नव्हतं बेटा. तू इतक्या हौसेने केलं होतंस."

त्याच आठवड्यात आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू निघाला. आता ऑपरेशन झालंय, सुईत दोरा ते स्वतः ओवतात.

आजही नवं काम हाती घेतलं की मी आधी डोळे मिटते आणि स्क्रीन रीडरला ते वाचायला लावते. त्या आठ नावांची वही कुठे गेली, आठवत नाही.