पश्चिमेची भिंत

इंदापुरातल्या आमच्या माहेरच्या घराची पुढची खोली दहा बाय बारा फुटांची. भाईजानचं चित्रदालन म्हणजे तीच खोली. ते मूळचे पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आले, पाट्यांचं काम गेलं, तेव्हा त्यांनी इथं आपली चित्रं टांगली. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी, उर्दू आणि देवनागरी सुलेखन, आणि तुकोबांच्या पालखीबरोबर दरवर्षी गावातून जाणारे वारकरी. विक्री बेताचीच, पण दार उघडं असायचं.

मग अम्मीला लकवा मारला. आतल्या खोलीला दोन पायऱ्या, म्हणून तिचा पलंग पुढच्या खोलीत आला आणि दालन अकरा महिने बंद राहिलं. मी बारामतीत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की एसटी धरायची, रविवारी रात्री परत. मधले पाच दिवस तिमारदारी भाईजान आणि भाभीवर.

अम्मी पलंगावर बसून इशाऱ्यानं नमाज पढायची. किब्ला पश्चिमेला, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच सगळे चेहरे. भाईजाननी काही न बोलता ती चित्रं उतरवली, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. अक्षरं तेवढी राहिली. अयादतीला येणाऱ्यांना ते आवडलं. अम्मी वॉकर धरून चालू लागली तेव्हा हेच लोक म्हणाले, अल्लाहचा शुक्र म्हणून तरी त्या तसविरी आता परत लावू नका.

सजीवांची चित्रं काढू नयेत असं मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत, त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण "मुसलमानांत चित्रं नव्हतीच" हे मात्र मी वर्गातही ऐकून घेत नाही. मालोजीराजे ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिथलंच 'तारीफ-ए-हुसैनशाही' हे सचित्र फारसी काव्य. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात हुसैन निजामशहाबरोबर त्याची बेगम खुन्झा हुमायूँही रंगवलेली होती. पुढं बहुतेक चित्रांतून तिची आकृती रंग फासून पुसली गेली. पाहणाऱ्याला वाटतं, हे धर्मापायी. अभ्यासक वेगळं सांगतात. नवऱ्यामागं कारभार चालवणाऱ्या या बाईला तिच्याच मुलानं, मुर्तझानं, 1569 मध्ये कैदेत टाकलं, आणि तिची चित्रंही त्या राजकारणात गेली.

हे मी भाईजानना सांगितलं. ते म्हणाले, "ते दरबारातलं झालं. इथं अम्मीची भिंत आहे."

प्रश्न अम्मीनंच सोडवला, तोही अर्धाच. एक दिवस तिनं विचारलं, "वो तुळशीवाली बुढ्ढी कां गई रे?" डोक्यावर वृंदावन घेतलेली म्हातारी वारकरीण. आजारपणाच्या पहिल्या आठवड्यात, ती भिंत मोकळी होण्याआधी, अम्मीची जीभ वळत नव्हती तेव्हा ती तिच्याकडेच बघत पडलेली असायची. "लगाव. पन मेरे सामने नको, पीछे."

माळ्यावर पावसाळा गेला होता. दोन चित्रांना वाळवी लागलेली, ती गेलीच. चारांवर बुरशी. भाईजाननी ती सावलीत वाळवली, कोरड्या मऊ ब्रशानं तासन् तास झटकली. वारकरिणीच्या पदरावर डाग राहिला तो राहिला. त्यावर रंग मारू का, असं ते दोनदा म्हणाले, मारला नाही.

आता पश्चिमेला फक्त अक्षरं. चेहरे पूर्वेला, पुढं सळईवर पडदा. दुपारच्या नमाजेला अम्मी इथंच खुर्चीवर बसते, तेवढा वेळ पडदा ओढलेला. एका नातेवाइकानं येणं बंद केलंय. भाभीला त्याचं वाईट वाटतं, मला फारसं नाही.

फीत कापली नाही, चहासुद्धा केला नाही. सकाळी शटर वर केलं, झालं. पहिला आला तो वाढदिवसाचा फ्लेक्स करून मिळेल का विचारणारा पोरगा. नाही म्हटल्यावरही तो दहा मिनिटं बघत उभा राहिला. चार दिवसांनी रोहित पक्षी तीन हजारांना गेले. ते पैसे औषधाच्या दुकानातल्या उधारीत भरले, अजून बरीच बाकी आहे. म्हणून भाईजान प्रत्येक चित्राला किमतीची चिठ्ठी चिकटवत होते. वारकरिणीपाशी आले तेव्हा अम्मी खुर्चीवरून म्हणाली, "उसकू नको."

त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली आणि पुढच्या चित्राकडे गेले.