पोटातलं तेल

पाच वर्षं सांभाळलेला प्रोजेक्ट बंद झाला. ‘एआय टीममध्ये जा, नवीन शिक,’ मॅनेजर म्हणाला. अठ्ठाविसाव्या वर्षीच आपण जुने झालो, असं वाटलं.

त्या रात्री अमेरिकी नौदलाच्या सिमरॉन वर्गातल्या तेलवाहू जहाजांबद्दल वाचत बसलो. भर समुद्रात युद्धनौकांना इंधन पुरवायचं, हे त्यांचं काम. १९४२मध्ये विमानवाहू नौका कमी पडत होत्या, म्हणून त्यातल्या चार जहाजांवर सपाट डेक चढवला : सँगमन, सुवानी, शेनँगो, सँटी. त्याच नोव्हेंबरात चारही उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर होती. पण पोटातल्या तेलाच्या टाक्या राहिल्याच. डेकवरून विमानं उडायची आणि सोबतच्या विनाशिकांना तेलही मिळायचं.

सोमवारी नव्या टीमचा डेटाबेस अडकला. कुणालाच सुटेना. मी हळूच खुर्ची पुढे ओढली.