चुडाव्याच्या वाटेवरचे ग्रंथालय

वाचकहो, परभणीहून नांदेडकडे रेल्वेने निघालात की पूर्णा जंक्शन मागे पडते आणि थोड्याच वेळात चुडावा येते. मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. पॅसेंजरने आलेला माणूस मात्र फलाटावर उतरला की त्याला दोन्ही बाजूंना काळे रान दिसते. श्रावणात गेलात तर सोयाबीन गुडघ्याला लागलेले, कपाशीला पात्या धरू लागलेल्या, मधूनमधून तुरीचे तास आणि पाण्याची सोय असेल तेथे हळद अन् ऊस. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली ही भारी जमीन. पाऊस वेळेवर आला तर सोने पिकवणारी, आणि लागून राहिला तर बूट-चप्पल ओढून घेणारी.

गेल्या श्रावणात मी चुडाव्याला उतरलो तो सोयाबीनची पाहणी करायला. शेतीखात्यातली माझी नोकरी आता उतरणीला लागली आहे. या भागातल्या पाऊलवाटा पायाखालच्या आहेत. शिवार बघत बघत जवळच्याच एका गावापर्यंत गेलो आणि आभाळ फुटले. आडोशाला म्हणून तिथल्या शाळेत शिरलो. वर्ग भरले होते. व्हरांड्याच्या टोकाला एका खोलीवर ‘ग्रंथालय’ अशी पाटी दिसली. म्हटले, बसू येथेच.

ग्रंथालय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येते तेच तेथे होते. कुलूपबंद कपाटे, पिवळी पडलेली पाने, डांबरगोळ्यांचा वास. पण कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना संगणक होता आणि त्याच्यापुढे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ग्रंथपाल गुरुजी बसले होते. जागा अर्धवेळ, पगारही अर्धा, आणि काम मात्र पुरे. मला पाहून म्हणाले, ‘‘या साहेब, बसा. चहा सांगतो. तोवर एक गंमत दाखवतो.’’

गंमत अशी. शाळेकडे मराठी विश्वकोशाचे खंड होते, पण सगळे नाहीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली १९७६ साली या कोशाचा पहिला खंड निघाला आणि पुढे वीस खंडांपर्यंत काम गेले. खेड्यातल्या शाळेला हे सगळे खंड विकत घेणे आणि जपणे सोपे नाही. गुरुजींनी बटण दाबले आणि विश्वकोशातली ‘हळद’ पडद्यावर आली. ‘‘कपाटात नसलेला खंड इथे आहे, साहेब, आणि फुकट आहे,’’ ते म्हणाले. मग त्यांनी मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून दाखवला. १८३१ सालचा हा कोश. त्याची १८५७ सालची सुधारलेली आवृत्ती आता इंटरनेटवर शोधता येते. ‘‘पोरांना मी सांगतो, आजीच्या तोंडचा एखादा शब्द घेऊन या. कुळवाचा असो की जात्याचा. मग आम्ही तो यात हुडकतो. सापडला की पोरं टाळ्या वाजवतात. म्हातारीचा शब्द छापलेला निघाला म्हणजे म्हातारीचाही मान वाढतो.’’

गुरुजी गेली दोन वर्षे अशी नवी नवी साधने चाचपून पाहत होते. कोणी शिकवले नव्हते. पुस्तकांची यादी संगणकावर घ्यायची म्हणून त्यांनी ‘कोहा’ नावाच्या प्रणालीची माहिती काढली. ही प्रणाली १९९९ साली न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालयासाठी तयार झाली आणि पुढे साऱ्या जगाला मोफत दिली गेली. तेथल्या माओरी लोकांच्या भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. गुरुजींना ती या जुन्या संगणकावर नीट चालवता आली नाही. त्यांनी ते सरळ कबूल केले. मग साध्या तक्त्यातच दाखल नोंदवही उतरवून घेतली. आता कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे आणि कोणाकडे अडकले आहे हे चुटकीसरशी कळते.

तुम्ही म्हणाल, खेड्यात इंटरनेट चालते का? पावसात नाहीच चालत. त्यावर गुरुजींची तोड अशी, की रात्री पूर्ण्याला घरी, जेथे जोडणी बरी आहे तेथे, लागेल ते उतरवून घ्यायचे आणि पेन ड्राइव्हवर घालून सकाळी शाळेत आणायचे. मला ते ऐकून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची आठवण झाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा बडोद्याचा राजा झाला आणि १९१० साली त्याने आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांची चळवळ सुरू केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. एका गावी वाचून झाल्या की पुढच्या गावी. गुरुजींच्या शर्टाच्या खिशातली ती बोटाएवढी वस्तू म्हणजे त्या पेटीचीच नात म्हणायची.

आपल्याकडचे दुसरे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले तेव्हा ती शाळा गुरांच्या गोठ्याला लागून पडक्या इमारतीत होती. पाठ्यपुस्तकावर ठिपक्यांचे चौकोनी चित्र, म्हणजे क्यूआर कोड, छापायचा आणि मोबाइल त्याच्यावर धरला की कविता ऐकू यावी, धडा दिसावा, अशी युक्ती त्यांनी केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर ही चित्रे आली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. तुमच्या मुलाच्या पुस्तकावर ते चित्र असेल तर आज रात्री एकदा मोबाइल धरून पाहा.

इथपर्यंत सारे गोडगोड झाले. पण गुरुजींनी मला कडू भागही सांगितला, आणि तोच मला तुमच्या कानावर घालायचा आहे.

हल्ली प्रश्न विचारला की माणसासारखे उत्तर देणारी साधने मोबाइलवर आली आहेत. मराठीतही बोलतात. गुरुजींनी एकाला विचारले, ‘पूर्णा नदीवर मराठीत कोणते पुस्तक आहे?’ त्याने क्षणात पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, प्रकाशक, साल असे सगळे सांगितले. गुरुजी हरखले. दोन दिवस त्यांनी याद्या धुंडाळल्या, परभणीला फोन केले. असे पुस्तकच नव्हते! उत्तर इतक्या ठामपणे दिलेले, की शंका यायला जागा नव्हती. ‘‘साहेब, ग्रंथपाल असून मी फसलो,’’ ते म्हणाले. ‘‘मग नववीतल्या पोरीचं काय होणार?’’

त्या पोरीचीच गोष्ट पुढे. तिच्या वडिलांचे सोयाबीन पिवळे पडले. तिने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. त्यात पिवळा मोझॅक रोग सांगून दोन महागडी औषधे मिसळून फवारायला सांगितले होते. वडील उधारीवर औषध आणायला निघाले. मुलीने सहज गुरुजींना विचारले, ‘‘सर, हे खरं असंल का?’’ गुरुजींना शेतीतले फारसे कळत नाही. त्यांनी उत्तर दिलेच नाही. म्हणाले, ‘‘बाळ, आधी झाड उपटून आण.’’ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची एक चित्रांची पुस्तिका त्यांनी उतरवून ठेवली होती, ती उघडली.

त्याच दिवशी मी पावसामुळे तेथे टेकलो होतो. झाड टेबलावर होते. मी पान उजेडात धरले. मोझॅक असेल तर पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे दिसतात आणि तो पांढरी माशी पसरवते. येथे तसे नव्हते. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, खालची जुनी पाने चांगली. ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचून राहिले की जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे चर काढून पाणी बाहेर काढणे आणि वाफसा आल्यावर फेरस सल्फेटची फवारणी, तीही जाणकाराला प्रमाण विचारून. कीटकनाशकाचा येथे काही संबंध नव्हता. वडिलांचा खर्च वाचला. काही दिवसांनी शेंडे हिरवे धरू लागल्याचा निरोप आला. शेजारच्या रानात मात्र खरोखरच मोझॅकची झाडे निघाली. तेथे झाडे उपटून पुरायला लागली. बांधाच्या दोन बाजूंना दोन दुखणी, आणि मोबाइलवर दोघांनाही एकच औषध!

चित्रफितीला नावे ठेवताना मी स्वतःला मोकळे सोडत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हलक्या जमिनीसाठी लिहिलेली तुरीच्या अंतराची शिफारस एका भारी रानाच्या शेतकऱ्याला सांगितली होती. कागद छापील होता, शिक्का होता. तूर माजली, एकमेकींत गुंतली, आणि शेंगा निम्म्याही धरल्या नाहीत. त्या माणसाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. ते मला आजही बोचते. छापलेले चुकते, बोललेले चुकते, पडद्यावरचेही चुकते.

म्हणून गुरुजींनी संगणकाच्या वर पुठ्ठ्यावर तीन प्रश्न लिहून टांगले आहेत. कोण सांगतो? केव्हाचे सांगतो? कुठल्या रानासाठी सांगतो? मुलांना काहीही शोधायचे असेल तर आधी हे तीन प्रश्न वहीत लिहायचे, मग पुढे उत्तर. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, असा त्यांतल्या एकाचा आशय आहे. गुरुजी त्यात भर घालतात, ‘‘आणि साहेब, वाचकाच्या बापाचा पैसाही.’’

पाऊस उघडला. निघताना मी विचारले, ‘‘पुढे काय बेत?’’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी निवृत्त होतो. माझ्यामागे ही जागा भरतील का, कोणाला ठाऊक. लोक म्हणतात, सगळं मोबाइलवर मिळतं, आता ग्रंथपाल कशाला?’’ कपाटाचे कुलूप लावताना त्यांनी किल्ली दोनदा ओढून पाहिली.

वाचकहो, विहिरीला पाणी लागले म्हणून कोणी पाटकरी काढून टाकत नाही. उलट पाणी वाढले की दारे धरणारा लागतो, नाही तर वाफा फुटतो आणि पीक कुजते. माहितीचे तसेच आहे. आज तिचा पूर आहे. तो कोणत्या वाफ्यात सोडायचा हे पोरांना शिकवणारा माणूस गावात हवा.

तेव्हा एवढे करा. या आठवड्यात आपल्या गावच्या शाळेत जा. ग्रंथालय आहे का, कपाटे उघडतात का, आणि ग्रंथपाल आहे का, ते पाहा. असेल तर त्याला नमस्कार करा, नसेल तर पालकसभेत मास्तरांना विचारा. आणि घरातल्या मुलाच्या हातात मोबाइल देताना ते तीन प्रश्नही द्या. औषधाची बाटली आणायला दुकानात जाण्याआधी ते आपल्यालाही उपयोगी पडतात.