ईगल्सच्या गावाला

लॉस एंजेलिसहून लास वेगासला विमानाने तासाभरात पोहोचता येतं. भाच्याचा आग्रहही तोच होता. मी म्हटलं, नको, गाडीनेच जाऊ. ईगल्स बँड ऐकायला जायचं आणि ते वाळवंट ढगांवरून ओलांडायचं, हे मनाला पटेना.

निघण्याआधी वेस्ट हॉलिवूडमधल्या ‘ट्रूबाडूर’ क्लबसमोर पाच मिनिटं थांबलो. 1971 मध्ये गायिका लिंडा रॉनस्टॅटच्या साथीला वादक हवे होते. ग्लेन फ्रायने डॉन हेन्लीला विचारलं ते इथे, या क्लबच्या बारमध्ये. त्या साथीतूनच पुढे ईगल्स हा बँड निघाला. सकाळी दार बंद होतं. आत जेमतेम पाचशे माणसं मावतात. ‘‘मामा, एवढंच?’’ भाचा म्हणाला. एवढंच.

आमच्या पिढीचं ईगल्सशी नातं जरा विचित्र होतं. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या हॉस्टेलवर, कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेटवर ते आमच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा बँड फुटून गेलेला होता. गिटार हातात धरणारा प्रत्येक जण ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या सुरुवातीपासून शिकायला लागे आणि बहुतेक तिथेच थांबे. रॉकवाले मित्र नाक मुरडत: फार गुळगुळीत, फार गोड. नरक गोठेल तेव्हा एकत्र येऊ, असं हेन्ली म्हणाला होता; म्हणून 1994 मध्ये खरंच एकत्र आल्यावर त्यांनी दौऱ्याला तेच नाव दिलं. तेव्हा अमेरिका आमच्या खिशापासून फार लांब होती. जानेवारी 2016 मध्ये ग्लेन फ्राय गेला आणि मी हा विषय मनातून काढून टाकला.

आणि आता मात्र त्याच बँडला ऐकायला निघालो होतो. काहोनचा घाट चढून गेलं की हिरवं संपतं. मग बार्स्टो, मोहावेची करडी-पिवळी सपाटी, दूरवर भाजक्या रंगाचे डोंगर. बेकर या टीचभर गावात 134 फूट उंच थर्मामीटर उभारलाय. 1913 मध्ये जवळच्या डेथ व्हॅलीत 134 अंश फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं, तेवढे फूट. ऑक्टोबर 2024 मधल्या त्या दुपारीही गाडीबाहेर पाऊल टाकलं की नाकातली ओल सुकत होती. गाडीत ईगल्सचा पहिला, 1972 चा अल्बम लावला होता. त्या गाण्यांत दोन शब्दांमध्ये एवढी मोकळी जागा का असते, ते या रस्त्यावर कळतं. सुमारे 435 किलोमीटर, आणि बराच वेळ नजरेला अडवायला काहीच नाही.

मग एकदम वेगास, आणि 366 फूट उंचीचा तो गोल, ‘स्फिअर’. आत बसून कार्यक्रम ऐकणारे सतरा हजारांवर. समोरून डोक्यावरून मागेपर्यंत गेलेला पडदा, त्याच्याआड दडवलेले ध्वनिक्षेपक. आणि पहिलंच गाणं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’! जेवणाच्या सुरुवातीलाच पुरणपोळी वाढावी तसं. मला ते आवडलं नाही, पण एक झालं: ज्या गाण्याची वाट बघत बसलो असतो ते उरकलं आणि कान बाकीच्या गाण्यांना मोकळे झाले.

पडद्याबद्दल माझं मत वाईट आहे. वाळवंट, तारे, डोंगर इतके भव्य की खालची माणसं काडेपेटीएवढी दिसतात. दिवसभर खरं वाळवंट पाहून आलेल्याला त्याचं काय? मी बराच वेळ डोळे मिटून बसलो. आवाज मात्र अप्रतिम. टिमथी श्मिटने ‘आय कान्ट टेल यू व्हाय’ उचललं. शहात्तर वर्षांचा माणूस, हातात बास आणि गळा अजून तसाच उंच, तसाच पातळ. मागून बाकीचे आवाज आले, ते एकमेकांवर न चढता बरोबर शेजारी येऊन बसले. गुळगुळीत म्हणणाऱ्यांना मी आता सांगेन की आधी असा एक स्वर चौघांनी मिळून लावून दाखवा.

ग्लेनच्या वाट्याची काही गाणी त्याचा मुलगा डीकन गात होता, काही गायक विन्स गिल. मूळच्या चौघांतला मंचावर एकटा हेन्ली. मग मी नेमकं कोणाला पाहिलं, असा प्रश्न डीकनच्या पहिल्या गाण्यापर्यंत छळत होता. मुलगा बापाची नक्कल करत नव्हता; चीज तीच, फेक स्वतःची. मैफलीत बापामागे तानपुरा घेऊन बसलेली मुलं पुढे येताना आपण पाहिलेली आहेत. त्यांना आपण कधी बदली कलाकार म्हणत नाही, घराणं म्हणतो.

शेवटाकडे हेन्लीने ‘डेस्परॅडो’ गायलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी आवाजाला खर आली आहे, आणि ती त्या गाण्याला शोभते. पंचविशीत हे गाणं रेकॉर्ड करताना त्याला त्यातलं कितीसं माहीत असणार! शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंनी पर्समधून टिश्यू काढला, एक स्वतः घेतला, एक न विचारता माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, परतीच्या रस्त्यावर कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासूनच गाड्यांची रांग लागली होती. गाडी हलत नव्हती. भाच्याने विचारलं, ‘‘मामा, तो बासवाला गायला ते कोणतं गाणं?’’ मी लावून दिलं. बार्स्टो यायच्या आत त्याने ते तीनदा ऐकलं.