तिथीची पाऊणपट आणि गोल आलेख

अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव. वसई-विरारच्या या किनाऱ्यावर भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज सुमारे ५० मिनिटं उशीर, पंधरवड्यात बारा तासांचा फेरा पूर्ण. हा हिशेब सरळ अक्षावर मांडला, की मध्यरात्रीपाशी तुटतो. साडेअकरा आणि साडेबारा कागदाच्या दोन टोकांना जातात. चक्रावर ते शेजारी येतात.

*

असं चक्र काढायला ध्रुवीय निर्देशक लागतात. त्यांत बिंदूची जागा कोन आणि केंद्रापासूनचं अंतर यांवर ठरते. ‘आर’ या संगणकीय भाषेतल्या जीजीप्लॉट२ या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये गोल आलेखाची वेगळी आज्ञाच नाही. आधी साधे स्तंभ काढायचे, मग ‘कोऑर्ड पोलर’ जोडायचं. आडवा अक्ष कोन होतो, उभा त्रिज्या. मला ही रचना फार आवडते. आकृतीचा प्रकार पाठ करावा लागत नाही, अक्षांचं काय होतं एवढं समजलं की पुरे.

*

शाळेतल्या गणितात कोन घड्याळातल्या तीनच्या जागेपासून, उलट्या दिशेने मोजतात. जीजीप्लॉट२ बाराच्या जागेपासून सुलट फिरतं. भरतीसाठी हेच हवं.

*

बिंदू किंवा रेषा काढताना तासांची मर्यादा ० ते २४ अशी स्वतः द्यावी. माहितीत ० ते २३ एवढेच आकडे असतील, तर सॉफ्टवेअर तेवढाच पल्ला वर्तुळभर ताणतं आणि रात्रीचे अकरा आणि बारा एकाच जागी बसतात.

*

वसईचा पाऊस महिन्यांच्या पाकळ्यांत काढा. जून ते सप्टेंबर एवढाच भाग फुगेल, बाकीचं वर्ष केंद्राशी चिकटेल. पण त्रिज्या दुप्पट झाली की पाकळीचं क्षेत्रफळ चौपट होतं. जुलै आहे त्याहून अवाढव्य दिसतो. उभ्या अक्षावर वर्गमूळ घ्यावं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातले मृत्यू महिनावार पाकळ्यांत दाखवले, तेव्हा आकडा क्षेत्रफळाशीच जोडला होता.

*

उभा अक्ष कोनाला दिला की रचलेल्या एका स्तंभाचा पाय चार्ट होतो. तो टाळावा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की समान मापावरचं स्थान आपण कोनापेक्षा अचूक ताडतो. उदाहरणार्थ, अंदाजपत्रकाच्या वाट्यांना चक्र नसतं. त्यांना सरळ पट्ट्याच हव्यात.

*

१० जुलै २०१८. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी, लोकल बंद. भरती चढलेली असताना नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, म्हणून इथे पाऊस किती याइतकंच तो कोणत्या वेळी हे महत्त्वाचं. भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची वेळापत्रकं काढतो. वसई-विरारमधल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी २४ तासांच्या एकाच चक्रावर ताशी पाऊस आणि भरतीची उंची काढावी, आणि ती आकृती पावसाळ्याआधी आपल्या प्रभागात लावावी.