सुटे तास

नोकरी शोधणारा माणूस आधी पगार विचारतो. मी आधी वेळ विचारते. मुलीची शाळा साडेबाराला भरते व साडेपाचला सुटते. जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता जे तास उरतात, तेवढेच मला विकायचे आहेत. पण बाजारात सुटे तास कोणी घेत नाही. तिथे अख्ख्या दिवसाचाच सौदा होतो. 'अर्धवेळ' म्हणून ज्या जागा निघतात, त्यांत अर्धा असतो तो फक्त पगार!

कायद्याने आईचा विचार केला नाही, असे नव्हे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. परंतु सत्ताविसाव्या आठवड्यातही मूल मूलच असते आणि सातव्या वर्षीही त्याला ताप येतोच.

अशा वेळी मला गिरगावातल्या त्या सात बायका आठवतात. १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन त्यांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. सकाळी भिजवलेले पीठ घरी न्यायचे, सवडीने लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यायची. त्यांची थोरवी पापडापेक्षा या रीतीत आहे. बाईला घड्याळाच्या दावणीला न बांधता त्यांनी काम घरी धाडले.

मला हिशेब लिहिता येतो. परवा एका दुकानदाराला म्हटले, "महिन्याच्या पावत्या घरी द्या, हिशेब लिहून आणते." तो म्हणाला, "विचार करतो, ताई."

विचार करतो म्हणणारा हा पहिलाच.