वनरक्षकाचा अभ्यास

वाचनालयात आता वाचक येत नाहीत, ही तक्रार गोंदियात ऐका, आमगावात ऐका, नाहीतर अर्जुनी मोरगावात, सूर एकच. येतात ती परीक्षेची पोरं. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक. पाण्याची बाटली, चार्जर, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स. रोवणीच्या दिवसांत थोडी गळती लागते, पण बांध्यांतला चिखल सुटला की खुर्च्या पुन्हा भरतात. कादंबऱ्यांच्या कपाटाकडे सगळ्यांची पाठ. जुने सभासद वर्तमानपत्राची घडी घालताना पुटपुटतात, हे काय वाचन झालं?

मी पोरांच्या बाजूचा आहे. मोबाईल त्यांच्याकडे आहेच, आणि शिकवण्यांचे व्हिडिओही त्यात रग्गड आहेत. नाही ती खुर्ची. दोन खोल्यांच्या घरात धानाची पोती, टीव्ही, आजीचा खोकला आणि धाकटी भावंडं. त्यात चालू घडामोडी कुठे मांडायच्या? मुलींचं तर आणखी वेगळं. अंधार पडायच्या आधी-नंतर घराबाहेर बसायला घरच्यांना पटेल अशी जागा गावात असते किती? ‘वाचनालयात चालले’ म्हटलं की आमच्याकडे अजून कुणी आडवं येत नाही. एवढी पत दुसऱ्या कुठल्या इमारतीला आहे, सांगा.

पण माझा खरा लोभ दुसऱ्याच गोष्टीवर आहे. वनरक्षकाची तयारी करणारा पोरगा मोबाईलवर पाठ करतो: नवेगाव राष्ट्रीय उद्यान, 1975, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, 2013. एका ओळीचं उत्तर, एक गुण. आणि त्याच्यापासून दोन हातांवर, काचेआड, मारुती चितमपल्ली असतात. सोलापूरचा हा माणूस वनाधिकारी होऊन नवेगावबांधला आला. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या इथल्याच जाणत्यांबरोबर त्याने तिथला तलाव, त्यावरची पाखरं, भोवतालचं रान समजून घेतलं आणि लिहिलं. पुढे 2006 च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, 2025 मध्ये पद्मश्री, त्याच वर्षी जूनमध्ये मृत्यू. हीसुद्धा प्रश्नपत्रिकेतली माहिती झाली. मात्र ‘नवेगावबांधचे दिवस’ उघडलं तर ज्या रानात नोकरी मागायची, ते रान ओल्या मातीच्या वासासकट हाती लागतं. इथल्या माणसांचं शहाणपण पुण्या-मुंबईच्या घरांत पोचलं. ते अर्जुनीच्या पोराला परत मिळायचं तर तालुक्याच्या वाचनालयाशिवाय वाट कोणती? मोबाईलला विचारायचं तर आधी नाव ठाऊक हवं. कपाटासमोरून नुसतं जाता-येताही एखादं नाव डोळ्यांत राहतं.

हे सगळं चालतं कशावर, तेही बघा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्यातला निम्मा वाटा वेतनाचा. उरलेल्यात पुस्तकं, मासिकं, वीज, झाडलोट. तामिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाला मिळतं ते मानधन सांगायलाही संकोच वाटावा असं. तरी तो सकाळी दार उघडतो, वर्तमानपत्रं लावतो, संध्याकाळी पोरं उठेपर्यंत थांबतो. डिजिटल ग्रंथालयाच्या घोषणा कराव्यात, जरूर कराव्यात. पण आधी या माणसाचा पगार करावा.

तुम्ही गोंदिया जिल्ह्यातले असाल, किंवा इथून नागपूर-पुण्याला गेलेले, तर आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा. वर्गणी भरा, अभ्यासिकेला एक पंखा द्या. आणि कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप दिसलं तर ते दिवसभर उघडं ठेवायला सांगा.